माप माणसाचं, कौल जमिनीचा

वास्तुकार ल कॉर्बुझिए १९५१ साली चंदीगडच्या कामासाठी भारतात आला आणि अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्याला लगेच आपल्या गावी ओढून नेलं. तिथे त्यानं चार इमारती उभ्या केल्या. त्यांतली दोन राहती घरं. एक मनोरमा साराभाईंचं, दुसरं श्यामूभाई शोधन यांचं. दोन्ही १९५५-५६च्या सुमारास पुरी झाली आणि दोन्ही आज जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला असतात. त्यांच्या जन्मकथा मात्र एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

साराभाईंचं घर त्या कुटुंबासाठीच बेतलेलं. मनोरमाबाई दोन मुलांची आई, घराभोवती दाट झाडी. कॉर्बुझिएनं वाऱ्याची दिशा धरून समांतर भिंती घातल्या, त्यांवर बुटक्या कमानदार छतांच्या पट्ट्या टाकल्या आणि छपरावर माती पसरून चक्क गवत लावलं. मुलाला हवी म्हणून वरून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी काँक्रीटची घसरगुंडी केली. एका मुलाचा हट्ट त्या घरावर कायमचा उमटला आहे.

शोधनांचं घर मुळात शोधनांचं नव्हतंच. त्याचे आराखडे झाले ते सुरोत्तम हठीसिंग यांच्यासाठी. त्यांच्या हातून ते घर उभं राहिलं नाही. आराखडे त्यांनी शोधनांना विकले आणि शोधनांनी ते दुसऱ्याच प्लॉटवर बांधले. म्हणजे माणूस बदलला, जागा बदलली, कागद तेवढे तेच राहिले. घर बेतून घेण्याच्या सगळ्या शास्त्राप्रमाणे ते फसायला हवं होतं. फसलं नाही. कारण त्या आराखड्यांतला मोठा भाग हठीसिंग यांच्यासाठी नव्हताच, तो अहमदाबादच्या उन्हासाठी होता: छत्रीसारखा वर तोललेला छपराचा स्लॅब, खिडक्यांपुढची खोल काँक्रीटची जाळी, मधोमध वाऱ्याला मोकळ्या सोडलेल्या बहुमजली गच्च्या. जुन्या प्लॉटवर ऊन जसं पडलं असतं तसंच ते नव्या प्लॉटवरही पडत होतं.

घर बेतताना कोणाकोणाला विचारलं, यावर ते पुढे कसं नांदणार हे बरंचसं ठरतं. पैसे देणाऱ्याला तर सगळेच विचारतात. पण त्याच्या घरात आणखी माणसं असतात, घर झाडणारी-पुसणारी माणसं असतात, वीस वर्षांनी म्हातारा होणारा तोच पैसे देणारा असतो, आणि या सगळ्यांच्या खाली जमीन असते. तिला बोलता येत नाही, पण तिचं म्हणणं डावललं की ती वसूल करते.

*

मराठी माणूस आर्किटेक्टकडे जातो तेव्हा त्याच्या हातात बहुधा यादी असते. खाली हॉल-किचन, एक बेडरूम आई-बाबांना, वर दोन बेडरूम, अटॅच्ड टॉयलेट, देवघर ईशान्येला, पुढे पार्किंग, गच्चीवर शेड. शेजारच्या प्लॉटवाल्याची यादीही हीच असते. यादीत खोल्यांची नावं असतात, त्या खोल्यांत कोण काय करणार याचा पत्ता नसतो.

चांगला आर्किटेक्ट ती यादी बाजूला ठेवतो आणि चौकशा सुरू करतो. त्या वरवर फालतू वाटतात. सकाळी आधी कोण उठतं? उठल्यावर दिवा कुठला लागतो, आणि त्यानं कोणाची झोप मोडते? घरात कोणी रात्रपाळीला आहे का? कोण घोरतं? कुरडया-पापड अजून घरी होतात का, आणि वाळत कुठे घालतात? गॅसचा सिलिंडर कुठल्या दारानं आत येतो? पाहुणा आला तर सून कुठून आत-बाहेर करते? खरकट्या भांड्यांचा ढीग बाहेरच्या माणसाला दिसलेला चालतो का? ओट्याशी उभं राहणाऱ्या व्यक्तीची उंची किती? ओटा तिच्या कोपराच्या साधारण चार इंच खाली असावा, हा साधा हिशोब. तरी आपल्याकडे ओट्याची उंची बहुधा गवंडी ठरवतो, आणि तो सगळीकडे एकच ठरवतो.

गौरी-गणपतीचा प्रश्न तर वेगळाच. गावाकडच्या घरात त्या तीन दिवसांत चाळीस माणसं जेवतात आणि उरलेलं वर्षभर दोन म्हातारी माणसं राहतात. घर चाळिसांसाठी बांधायचं की दोघांसाठी? बरीच मंडळी चाळिसांसाठी बांधतात आणि मग अकरा महिने रिकाम्या खोल्यांची धूळ झटकतात. कोकणातल्या जुन्या घरांनी याचं उत्तर कधीच काढून ठेवलं होतं. ओटी, पडवी आणि माजघर एकमेकांत उघडत. एरवी पडवीत भाताची पोती, झोपाळा, सायकल. गणपतीत तिथेच पंगत बसे. एका जागेला एकच नाव देण्याची सवय नंतरची, फ्लॅटबरोबर आलेली. बंगला बांधतानाही ती सुटत नाही, आणि आपले बरेच बंगले एकावर एक ठेवलेले दोन फ्लॅटच असतात.

याद्या खऱ्या अर्थानं वाचल्या जातात त्या आखणीच्या दिवशी. जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या जातात आणि मालक त्यांत उभा राहतो. हमखास तोंड उतरतं. कागदावर बारा बाय चौदाची ऐसपैस वाटणारी खोली उघड्या आभाळाखाली कोंबडीच्या खुराड्याएवढी दिसते. हा डोळ्यांचा भ्रम असतो. भिंती उभ्या राहिल्या की तीच खोली मोठी वाटायला लागते. पण त्या दिवशी घाबरून कितीतरी घरांत जिना अरुंद होतो किंवा चौक उडवला जातो, आणि वाचलेले तीन फूट हॉलला जोडले जातात.

*

जमिनीचं पहिलं बोलणं कायद्याच्या भाषेत ऐकू येतं. समजा प्लॉट तीस बाय चाळीस फुटांचा आहे. समोर दहा फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट मार्जिन सोडायचं म्हटलं, तर बाराशे चौरस फुटांतून उरतात वीस बाय पंचवीस, म्हणजे पाचशे. त्यातून जिना गेला, भिंतींची जाडी गेली. महाराष्ट्रात २०२०च्या अखेरीस मुंबई आणि थोडे अपवाद सोडून राज्यभरासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात असे सगळे हिशोब मांडले आहेत. डोंगरउताराची जागा एकास पाचपेक्षा तीव्र असेल तर तिथे बांधकामच नाही. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधायला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींसह परवानगी. समुद्रकाठी किनारपट्टी नियमन क्षेत्राचे निर्बंध. ‘सी-फेसिंग’ किंवा ‘रिव्हर-टच’ अशा जाहिराती वाचून प्लॉट घेणाऱ्याला हे सगळं बऱ्याचदा इसार दिल्यानंतर कळतं.

दुसरं बोलणं मातीचं. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतींना तिरक्या चिरा जातात, आणि त्या कितीदा पुटी भरून रंगवल्या तरी पुढच्या मेमध्ये परत येतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं या मातीसाठीच खाली फुगीर गोळा असलेल्या पाइलची पद्धत विकसित केली. तो गोळा मातीच्या हलत्या थराखाली जाऊन बसतो. शेजाऱ्याचा पाया किती फूट गेला एवढंच विचारून काम उरकण्यापेक्षा एक चाचणीखड्डा घेणं फार स्वस्त पडतं.

आणि तिसरं बोलणं सूर्याचं. ते तर आकडेमोडीनं ऐकता येतं. पुण्यात एप्रिलच्या मध्याला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून ऐंशी अंशांच्या वर असतो. दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर त्याची सावली बारा-तेरा फूट खाली येते, म्हणजे अख्खा मजला झाकला जातो. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला सूर्य पश्चिमेला पंचवीस अंशांवर उतरलेला असतो आणि तोच दोन फुटांचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर जेमतेम एक फूट सावली टाकतो. बाकीचं ऊन सरळ पलंगावर. तरी आपल्याकडच्या बंगल्यांना चारही बाजूंनी सारख्याच मापाचे छज्जे असतात, आणि मग पश्चिमेच्या बेडरूमला एसी लागतो. मुंबईत तर सूर्य मेच्या मध्याला डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परततो, त्यामुळे उत्तरेची भिंत कायम थंड असते हा समजही पुरता खरा नाही.

इथे वास्तुशास्त्राचा विषय टाळता येत नाही, कारण मालकाच्या गरजांत तो असतोच. आर्किटेक्टांनी त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. आग्नेयेचं स्वयंपाकघर महाराष्ट्रात बरेचदा सोयीचंच पडतं. उन्हाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे फोडणीचा वास घरात न फिरता बाहेर जातो. पंचाईत नैऋत्येची. घरातल्या कर्त्याची झोपायची खोली नैऋत्येला हवी आणि दुपारनंतर सगळ्यांत तापणारा कोपरा नेमका तोच. शहाणा आर्किटेक्ट वाद घालत बसत नाही. तो पश्चिमेच्या भिंतीला आतून पूर्ण लांबीचं कपाट लावतो, बाहेर झाड ठेवतो, खिडकी दक्षिणेला घेतो. मालकाची श्रद्धा राहते आणि रात्री झोपही लागते.

याच पूर्व-पश्चिमेच्या तिढ्यातून चार्ल्स कोरियांचं एक अव्वल घर निघालं. अहमदाबादमधलं पारेख यांचं घर, १९६७-६८चं. राजस्थानात कोट्याजवळच्या केबलनगर वसाहतीच्या कामात कोरियांनी घराच्या दोन प्रकारच्या छेदांची कल्पना मांडली होती. उन्हाळ्याच्या घराचा छेद पिरॅमिडसारखा, वर निमुळता, त्यामुळे वरून उष्णता कमी शिरते आणि खालचा भाग थंड राहतो. हिवाळ्याच्या घराचा छेद त्याच्या उलट, वर आभाळाकडे उघडत जाणारा. पारेखांच्या प्लॉटची लांब बाजू पूर्व-पश्चिमेला होती. उष्ण प्रदेशात असा प्लॉट म्हणजे आर्किटेक्टच्या कपाळाला आठी. कोरियांनी घराच्या तीन पट्ट्या केल्या. एका कडेला हिवाळ्याची पट्टी, सकाळी आणि संध्याकाळी बसायला. दुसऱ्या कडेला जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. या दोघांच्या मधे, दोन्हीकडून झाकलेली, उन्हाळ्याची पट्टी, दुपारच्या वेळेसाठी. म्हणजे ज्या खोल्यांत माणसं थोडा वेळच थांबतात त्यांनी उन्हाचा मार खायचा आणि ज्यांत दुपार काढायची त्यांनी त्यांच्या आडोशाला राहायचं.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. हे घर चालतं ते त्यातल्या माणसांनी वेळेप्रमाणे जागा बदलली तरच. वाड्यांमध्ये लोक हे न शिकवता करत: उन्हाळ्यात दुपारी माजघर, रात्री गच्ची, थंडीत सकाळी अंगणातलं कोवळं ऊन. एका खोलीला चोवीस तास बेडरूम म्हणणाऱ्या कुटुंबाला कोरियांचं घर देऊन उपयोग नाही. कुठल्या माणसासाठी घर बेतता, हा प्रश्न इथेही सुटत नाही.

मुंबईत कोरियांपुढे तोच पेच उंचीवर उभा राहिला. समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण तिखट ऊन आणि पावसाची झडही पश्चिमेलाच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडे फिरवून यातून वाट काढली होती. पेडर रोडजवळच्या ‘कांचनजंगा’ या २८ मजली इमारतीत, जी १९८३ साली पुरी झाली, कोरियांनी तो व्हरांडा कोपऱ्यात नेऊन दोन मजली उंचीची बाग केला. तो एका मालकाचा बंगला नसला, तरी हवामानाशी झालेली बोलणी तीच होती.

*

जमिनीचं म्हणणं न ऐकण्याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत आहे. शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांनी लुडविग मीस व्हान डेर रोह या नामवंत वास्तुकाराकडून फॉक्स नदीकाठी सुट्टीचं घर करून घेतलं. ते १९५१ साली तयार झालं. पोलादाचे आठ खांब, सगळ्या भिंती काचेच्या, आत अडथळा नसलेली एकच खोली. नदीला पूर येतो हे माहीत होतं म्हणून जोतं जमिनीपासून पाच फुटांवर उचललं होतं. १९५४ सालीच पाणी घरात शिरलं. १९९६च्या पुरात फरशीवर सुमारे पाच फूट पाणी चढलं आणि काचा फुटल्या.

पण त्या घराबद्दलची खरी तक्रार पाण्याआधीची आहे. खर्च वाढत गेला, प्रकरण कोर्टात गेलं आणि फार्न्सवर्थ यांनी मासिकाला मुलाखत देऊन सांगितलं की काचेच्या या घरात सतत पाहऱ्यावर असल्यासारखं वाटतं. सिंकखाली कचऱ्याचा डबा ठेवायचा तर तो रस्त्यावरून दिसतो. जगातल्या सुंदर घरांपैकी एक, आणि मालकिणीला डबा ठेवायला जागा नाही. मीसनं तिचं ऐकलं नाही असं म्हणणं सोपं आहे. त्यानं एका निर्दोष खोलीची कल्पना कित्येक वर्षं मनात जपली होती, त्यासाठी त्याला जमीन आणि पैसा हवा होता, आणि मालक त्या कल्पनेत पाहुणा म्हणून आला, ही गोष्ट जास्त खरी वाटते. असे आर्किटेक्ट आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्या घरांची छायाचित्रं नेहमी माणसांशिवाय काढलेली असतात.

पाण्याशी वेगळ्या रीतीनं बोलणारं घर पाहायला मांडव्याजवळच्या चोंढीला जावं लागतं. स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांनी आमराईत बांधलेलं ‘कॉपर हाउस टू’. पावसाळ्यात त्या जागेवर पाणी भरतं. विहीर खणताना जे मुरूम-दगड निघाले तेच पसरून घराखालची जमीन उंचावली आणि मग दगडी चौकाभोवती घर बसवलं. माती बाहेरून आणायची नाही, पाण्याची सोय झाली, आणि तोच खड्डा जोत्याच्या कामी आला. सांगली, कोल्हापूर, चिपळूणकडच्या लोकांना २०१९ आणि २०२१च्या पुरांनंतर यातलं मर्म सांगावं लागणार नाही.

जैन यांचंच नांदगावचं ‘पामिरा हाउस’ २००७चं. रायगडच्या किनाऱ्यावर, नारळीच्या बागेत. सुमारे तीन हजार चौरस फुटांचं घर, पण एकसंध नाही: दोन लांबट लाकडी पेट्या आणि मधे मोकळी जागा, म्हणजे बागेतली झाडं वाचली आणि वारा आरपार गेला. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा. बाहेरच्या भिंतींच्या जागी वरपासून खालपर्यंत ताडाच्या खोडापासून काढलेल्या आडव्या पट्ट्या. वारा येतो, उजेड गाळून येतो, ऊन आणि पावसाची झड अडते. कोकणात पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधण्याची पद्धत होती. इथे तीच अक्कल कायमस्वरूपी आणि महाग झाली आहे. वास्तुकलेच्या आगा खान पुरस्काराच्या २०१०च्या अंतिम यादीपर्यंत हे घर पोहोचलं. असं घर सगळ्यांना परवडणारं नाही हे खरं आहे, पण त्यातलं जे शिकण्यासारखं आहे त्याला पैसे पडत नाहीत: आधी झाडं मोजली गेली, मग खोल्या.

त्याच किनाऱ्यावर, रेवदंडा आणि कोर्लईच्या भागात, त्याआधी नारी गांधींनी घरं बांधली होती. सर ज. जी. कला विद्यालयाच्या परंपरेत शिकलेला हा पारशी माणूस पाच वर्षं अमेरिकेत वास्तुकार फ्रँक लॉइड राइटकडे राहून परतला आणि इथे जवळजवळ नकाशे न काढताच काम करत राहिला. जागेवर जायचं, दगड बघायचे, गवंडी-सुतारांशी बोलायचं आणि भिंत वळवत न्यायची. लोणावळ्याच्या दगडांत, कोर्लईच्या विटांच्या प्रचंड कमानींत ते दिसतं. १९९३ साली अपघातात ते गेले तेव्हा मागे कागद फारसे नव्हते. अशा माणसाकडून घर करून घ्यायला मालकाची छाती मोठी लागते. घर कसं दिसणार हे त्याला शेवटपर्यंत कळत नसे. नियमावलीच्या आजच्या दिवसांत तर पहिल्या नकाशाशिवाय फाइल टेबलावरून हलत नाही.

*

लॉरी बेकरचं प्रकरण याहून लोकांना जवळचं. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा इंग्रज वास्तुकार दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये सेवाकार्य करत होता. परतीच्या बोटीची वाट बघत तो मुंबईत अडकला, आणि तिथे त्याची गांधीजींशी गाठ पडली. त्याच्या पायातले चिंध्यांचे हातानं शिवलेले जोडे बघून गांधीजींना कुतूहल वाटलं, ही हकिगत बेकर नंतर सांगत असे. घराचं सामान पाच मैलांच्या परिसरातलं असावं ही गांधीजींची सूचनाही त्यानं आयुष्यभर धरून ठेवली. बोट मिळाली, पण तो फिरून भारतातच आला: आधी पिठोरागडच्या डोंगरात, नंतर केरळात.

तिरुवनंतपुरममध्ये बेकरनं घरं बांधली ती प्राध्यापकांची, कारकुनांची, एक व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं. मालकाशी तो भरपूर गप्पा मारी. नकाशे जुन्या पाकिटांच्या आणि आमंत्रणपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला निघत, आणि मग काम चालू असताना जागेवर बदलत. झाड आडवं आलं तर भिंत वळे. विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडणारी ‘रॅट-ट्रॅप’ पद्धतीची भिंत त्यानं रुळवली. तिच्यात साधारण पावपट विटा वाचतात आणि पोकळीमुळे घर कमी तापतं. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटला ताकदीचं काम नसतं, तिथे तो मंगलोरी कौलं भरे. नालांचिरा इथलं त्याचं स्वतःचं घर खडकाळ, तीव्र उतारावर आहे. सपाट करण्याच्या नादाला न लागता त्यानं उताराच्या वळणांप्रमाणे खोल्या पायऱ्यापायऱ्यांनी बसवल्या, आणि १९७० नंतर पुढची कित्येक वर्षं ते घर गरजेप्रमाणे वाढत गेलं.

सह्याद्रीत ‘हिल व्ह्यू’ प्लॉट घेणारे याच्या नेमकं उलट करतात. आधी जेसीबी लावून डोंगर कापायचा, सपाट चौक करायचा, मग कापलेली दरड पुढच्या पावसात घरावर येऊ नये म्हणून रिटेनिंग वॉल. घराच्या खर्चातला मोठा घास ती भिंतच खाते, आणि तरी जुलैत झोप नीट लागत नाही.

जागा अगदीच चिमूट असेल तर? ओसाकातल्या सुमियोशी भागात तादाओ आंदो यांनी १९७६ साली एक घर केलं. जुन्या चाळवजा घरांच्या ओळीतली एक फट: रुंदी सव्वातीन मीटर, लांबी चौदा मीटर. दुसऱ्या कोणी इंच-इंच झाकला असता. आंदोंनी तीन भाग केले आणि मधला तिसरा हिस्सा सरळ आभाळाला सोडला. रस्त्याकडून एकही खिडकी नाही, उजेड-वारा सगळा त्या चौकातून. पण खोलीतून न्हाणीघराकडे जायचं तर पावसात छत्री उघडावी लागते. आंदोंवर यासाठी पुष्कळ टीका झाली, पुरस्कारही मिळाला. पुण्याच्या पेठांमधले लांबट वाडे चौक सोडूनच श्वास घेत होते, आणि तिथेही पावसात मोरीकडे जाताना डोक्यावर टॉवेल घ्यावा लागे. मालक हे पत्करायला तयार आहे का, एवढाच प्रश्न. सुमियोशीचं कुटुंब तयार होतं.

*

फ्रान्समध्ये बोर्दो शहराबाहेरच्या टेकडीवर १९९८ साली पुरं झालेलं एक घर आहे. त्याच्या मालकाला मोटार अपघातानंतर व्हीलचेअर आली होती. जुन्या घरात त्याचा जीव कोंडला. त्यानं वास्तुकार रेम कूलहास यांना सांगितलं की मला सोपं, एकमजली घर नको. गुंतागुंतीचं हवं, कारण आता माझं जग म्हणजे तेच. कूलहासनी टेकडीत कोरल्यासारखा खालचा मजला, मधला सगळा काचेचा आणि वर भोकाभोकांची काँक्रीटची पेटी असं तीन मजली घर केलं. भोकं उभ्या, बसलेल्या आणि निजलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीचा विचार करून पाडलेली. मधोमध तीन बाय साडेतीन मीटरचा एक मंच तिन्ही मजल्यांत वर-खाली सरकतो. ती नुसती लिफ्ट नव्हती, त्याची खोलीच होती, टेबलासकट. बाजूला तीन मजली पुस्तकांची भिंत. मंच स्वयंपाकघराच्या पातळीला आला की स्वयंपाकघर मोठं होतं, वर गेला की झोपायची खोली मोठी होते. घराचे बाकीचे सगळे लोक त्या माणसाच्या हालचालीवर अवलंबून असत. अपंगत्वाची सोय म्हणून कोपऱ्यात रॅम्प टाकण्याच्या वृत्तीला यापेक्षा कडक उत्तर मिळणं कठीण.

तरी या घरातही कोणाला तरी विचारायचं राहिलं होतंच. २००८ साली त्या घरावर एक माहितीपट निघाला, ‘कूलहास हाउसलाइफ’. त्याची नायिका आर्किटेक्ट नव्हे की मालकही नव्हे. घराची देखभाल करणारी ग्वादालूपे. व्हॅक्यूम क्लीनर कडेवर घेऊन ती अरुंद गोल जिन्यानं वर चढते, गळणाऱ्या छताखाली बादल्या मांडते, कुठला पडदा कुठे अडकतो ते दाखवते. जगप्रसिद्ध घराचा खरा वापर तिला ठाऊक. आपल्याकडे भांड्यांच्या मोरीत पाणी कुठे तुंबतं, फरशी पुसताना बादली कुठे ठेवायची, खिडकीची बाहेरची काच कोणत्या बाजूनं पुसता येते, हे सगळं कामाला येणाऱ्या मावशींना माहीत असतं. घराच्या आराखड्याच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावत नाही.

मालक स्वतः वीस वर्षांनी कसा असेल, हेही कोणी विचारत नाही. राइटनं हे एकदा नेमकं विचारलं होतं, अर्थात त्याला तसं सांगितलं गेलं म्हणून. इलिनॉयमधल्या रॉकफर्डचा केनेथ लॉरंट नौदलात होता, महायुद्धानंतर कंबरेखाली अधू झालेला. त्याची बायको फिलिस हिनं एका मासिकात राइटच्या घरावरचा लेख वाचला आणि दोघांनी राइटला पत्र घातलं. १९५२ साली त्यांचं घर उभं राहिलं: एकमजली, कमानीसारखं वाकलेलं, एकही उंबरठा नाही, दारं रुंद, टेबलं भिंतीतून पुढे आलेली म्हणजे खाली खुर्चीची चाकं जावीत, आणि खिडक्यांची मांडणी बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा यायला अजून अडतीस वर्षं होती. पुढे कुटुंब वाढलं तशी घरात भर पडली. जोडपं त्यात सुमारे साठ वर्षं राहिलं. २०१४पासून ते घर लोकांना पाहायला खुलं आहे.

आपल्या बंगल्यांत न्हाणीघराचं दार बहुधा अडीच फुटांचं ठेवतात. चौकट आणि उघडलेल्या दाराची जाडी वजा जाता मोकळी जागा उरते ती सव्वादोन फुटांच्या आसपास, आणि व्हीलचेअरची रुंदीही जवळपास तेवढीच असते, म्हणजे हाताची बोटं सोलवटल्याशिवाय ती आत जात नाही. आत जाताना वर दीड-दोन इंचांचा उंबरठा. खालच्या मजल्यावरची खोली ‘आई-बाबांची’ म्हणून काढलेली असते, पण तिचं न्हाणीघर जिन्याखालच्या उरलेल्या जागेत कोंबलेलं. ते दार सहा इंचांनी रुंद करायला आणि उंबरठा काढून फरशीला उतार द्यायला प्लॅनवर एक खोडरबर पुरतं. नंतर चौकट उखडावी लागते, टाइल्स फोडाव्या लागतात, आठवडाभर घरात धूळ उडते, आणि हे काम निघतं तेव्हा बहुतेक वेळा आतल्या खोलीत कोणीतरी खुब्याचं ऑपरेशन करून पडलेलं असतं.